तोव्हदालचे ट्राउट मासे कशाने मेले? आम्लवर्षेचं एक प्रकरण

१९७५ च्या वसंतात दक्षिण नॉर्वेतल्या तोव्हदाल नदीत ट्राउट मासे हजारोंनी मेले. नदीकाठी रसायनांचा कारखाना नव्हता, मोठ्या शहराचं सांडपाणी नव्हतं. वर डोंगर, पाइन आणि स्प्रूसची जंगलं, मधेमधे दलदल आणि थंडीभर साचलेला बर्फ. तो बर्फ वितळायला लागला, नदीचं पाणी चढलं आणि मेलेले मासे काठाला लागू लागले. सॅल्मन मासा या नदीतून त्याआधीच नाहीसा झाला होता. आता ट्राउटची पाळी आली होती.

सहावी ते नववीच्या मुलांना वायुप्रदूषण, आम्लवर्षा आणि हवामानबदल एकत्र शिकवायचे असतील तर मी हे प्रकरण घेते. आपल्याकडे आम्लवर्षा म्हटलं की ताजमहालाचं उदाहरण ठरलेलं. ते चुकीचं नाही, संगमरवर आम्लाने झिजतोच. पण त्यात धूर आणि नुकसान जवळजवळ एकाच परिसरात आहेत, त्यामुळे धूर जिथे निघतो तिथेच त्रास होतो असं मुलांच्या मनात पक्कं बसतं. तोव्हदालमध्ये धूर दिसतच नाही. तो शोधावा लागला, आणि त्या शोधात देशादेशांत वर्षानुवर्षं भांडण झालं. प्रदूषण म्हणजे काय हे मुलांना त्या भांडणातून जितकं कळतं तितकं व्याख्येतून कळत नाही.

माशांच्या रक्तात काय सापडलं

हेल्गे लाइव्हेस्टाड आणि इवार मुनिझ या दोन नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी तोव्हदालमधल्या मरणाऱ्या ट्राउटचं रक्त तपासलं. त्यात मीठ कमी झालं होतं. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही घसरलेले.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्यामुळे शरीरातलं मीठ सतत बाहेर झिरपत राहतं आणि मासा कल्ल्यांमधून ते पुन्हा आत ओढत राहतो. ही ये-जा आयुष्यभर चालू असते. पाणी आम्लयुक्त झालं की आत ओढण्याचं काम मंदावतं आणि बाहेर झिरपणं वाढतं. रक्तातलं मीठ एका पातळीखाली गेलं की मासा मरतो. त्यात भर म्हणून आम्लयुक्त पाणी मातीतलं अॅल्युमिनियम सोडवून नदीत आणतं. ते कल्ल्यांवर बसतं, कल्ल्यांवर चिकट स्राव साचतो आणि श्वास घेणंही अवघड होतं.

इथे एक गैरसमज लगेच दूर करावा. आम्लवर्षेचं चित्र काढायला सांगितलं की मुलं जळालेली छत्री, भाजलेली कातडी आणि धूर निघणारी पानं काढतात. तसं काही होत नाही. पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सामूवर, म्हणजे पीएचवर मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू साधारण ५.६ असतो, म्हणजे पाऊस मुळातच किंचित आम्लधर्मी. दक्षिण नॉर्वेत पडणाऱ्या पावसाचा सामू ४ ते ४.५ च्या दरम्यान उतरला होता. संत्र्याचा रस याहून आंबट असतो. तो पाऊस अंगावर घेतला तरी माणसाला काही कळणार नाही. पण सामूची मोजपट्टी दहापटीने चालते. एक अंक खाली म्हणजे दहापट आम्लता, दोन अंक खाली म्हणजे शंभरपट. ५.६ वरून ४.६ वर येणं माणसाच्या जिभेला किरकोळ वाटेल, माशाच्या अंड्याला ते जगण्यामरण्याचं असतं.

मासे वसंतातच का मेले, याचं उत्तर बर्फात आहे. थंडीत पडलेल्या बर्फात आम्ल साठत जातं. बर्फ वितळू लागतो तेव्हा त्यातलं आम्ल थोडंथोडं, सारख्या प्रमाणात बाहेर येत नाही. सुरुवातीला वितळणाऱ्या पाण्यातच त्याचा मोठा हिस्सा निघून येतो. महिनोन्‌महिन्यांचं आम्ल काही दिवसांत नदीत उतरतं, आणि नेमकी तीच वेळ लहान पिल्लं अंड्यातून बाहेर पडण्याची. वर्षाची सरासरी काढली तर नदी ठीकठाक दिसू शकते. मासे त्या मोजक्या दिवसांत मरतात. आकडे वाचताना सरासरीपाशी थांबू नये, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

मोठे मासे मरून पडलेले दिसतात तरी. बहुतेक तलावांत तसंही घडलं नाही. अंडी उबेनाशी झाली, पिल्लं जगेनाशी झाली आणि काही वर्षं जाळ्यात फक्त थोराड मासे येत राहिले. त्याआधी गोगलगाई आणि पाण्यातले छोटे कवचधारी जीव गेले होते, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. असा तलाव फार सुंदर दिसतो. पाणी नितळ होतं, तळापर्यंत दिसतं. पर्यटकाने फोटो काढावा असा तो तलाव असतो आणि त्यात जवळजवळ काही जगत नसतं. स्वच्छ आणि निरोगी हे दोन शब्द मुलं एकाच अर्थाने वापरतात, म्हणून या तलावांचं वर्णन मी मुद्दाम सावकाश करते.

जमिनीचा वाटा

तेवढाच आम्लयुक्त पाऊस दुसरीकडे पडला असता तर इतकं नुकसान झालं नसतं. दक्षिण नॉर्वे आणि स्वीडनचा बराचसा भाग ग्रॅनाइट आणि नाइस या कठीण खडकांचा आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी खरवडलेला, वर मातीचा पातळ थर असलेला. या खडकांत चुना जवळजवळ नाही. चुनखडीच्या प्रदेशात आम्लयुक्त पाऊस जमिनीत मुरता मुरता उदासीन होतो, कारण कॅल्शियम कार्बोनेट आम्लाला संपवतं. ग्रॅनाइटच्या प्रदेशात जमिनीकडे अशी शिल्लक फार थोडी. दरवर्षी पाऊस त्यातून थोडी काढून नेतो. शिल्लक आहे तोवर तलावात काही फरक दिसत नाही, आणि संपली की सामू काही वर्षांत धाडकन खाली येतो. म्हणूनच नुकसान उशिरा दिसलं आणि दिसलं तेव्हा अचानक झाल्यासारखं वाटलं.

यावर वर्गात करण्याजोगा एक प्रयोग आहे. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रस काढायचा. दोन ग्लासांत भरपूर पाणी घातलेलं व्हिनेगर घेऊन त्यात हा रस टाकायचा, दोन्हीकडे गडद गुलाबी-लाल रंग येतो. एका ग्लासात अंड्याच्या कवचाचा चुरा किंवा शहाबादी फरशीचे बारीक तुकडे टाकायचे, दुसऱ्यात ग्रॅनाइटचे तुकडे. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे, बुडबुडे लगेच दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी त्या ग्लासातली लाली उतरलेली असते, ग्रॅनाइटच्या ग्लासातली तशीच राहते. खडू वापरायचा मोह होतो, पण हल्लीचे बरेचसे खडू जिप्समचे असतात, त्यांच्यावर व्हिनेगर टाकलं तरी काही होत नाही आणि मुलं हिरमुसतात. जिप्सम हा शब्द मात्र लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

पावसाच्या वह्या

आम्लयुक्त पावसाची कल्पना नवी नव्हती. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ मध्येच शहराच्या धुराचा आणि पावसातल्या आम्लाचा संबंध दाखवला होता आणि १८७२ मध्ये आम्लवर्षा हा शब्दप्रयोगही केला होता. पण ते एका गिरणीनगरीचं दुखणं समजलं गेलं. नॉर्वेत १९५९ मध्ये आल्फ डान्नेव्हिग यांनी पावसातलं आम्ल आणि माशांचा नाश यांची सांगड घातली. त्याकडेही फारसं कोणी पाहिलं नाही.

चित्र पालटलं ते शेतीसाठी ठेवलेल्या नोंदींमुळे. पावसातून पिकांना किती पोषकद्रव्यं मिळतात हे कळावं म्हणून स्वीडनमध्ये हान्स एगनर यांनी १९४० च्या दशकात जागोजागी पावसाचं पाणी गोळा करून तपासायची व्यवस्था उभी केली होती. १९५० च्या दशकात ती युरोपातल्या इतर देशांत पसरली. भांडं ठेवायचं, ठरलेल्या दिवशी पाणी काढायचं, पृथक्करण करायचं, वहीत लिहायचं. कंटाळवाणं काम. उप्साला इथले मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ओदेन यांनी या वर्षानुवर्षांच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा त्यांना दिसलं की आम्लयुक्त पावसाचा पट्टा पश्चिम आणि मध्य युरोपातून पसरत पसरत स्कँडिनेव्हियापर्यंत पोचला आहे. तलावांच्या घसरत्या सामूच्या नोंदी त्याच्याशी जुळत होत्या, वाऱ्याच्या दिशाही जुळत होत्या.

२४ ऑक्टोबर १९६७ रोजी ओदेन यांनी हे सगळं 'दागेन्स न्युहेटेर' या स्वीडिश दैनिकात लिहिलं आणि युरोपातल्या देशांमध्ये एक प्रकारचं रासायनिक युद्ध चालू आहे असे शब्द वापरले. आधी शोधनिबंध, मग वर्तमानपत्र हा शास्त्रज्ञांचा रिवाज. ओदेन यांनी तो मोडला, यावर तेव्हा नाकं मुरडली गेली. माझ्या मते त्यांनी योग्य केलं. निबंधाच्या वाटेने हा विषय मंत्र्यांच्या टेबलावर पोचायला आणखी किती वर्षं लागली असती!

पाच वर्षांत तो तिथे पोचला. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद भरली, ज्या परिषदेत इंदिरा गांधींचं भाषण झालं तीच. यजमान स्वीडनने तिथे देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या गंधकाच्या प्रदूषणावर स्वतःचं प्रकरण लिहून मांडलं. ते तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते हवामानशास्त्रज्ञ बर्ट बोलिन. हे नाव पुढे लागणार आहे.

धूर कुठून आला

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरकं बसलं. घराघरांतल्या शेगड्यांचा आणि वीजकेंद्रांचा कोळशाचा धूर थंड, थिजलेल्या हवेत अडकला. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसं दगावली, नंतरचे अंदाज १२,००० पर्यंत जातात. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. शहरांत धूर सोडण्यावर बंधनं आली, आणि नवी मोठी वीजकेंद्रं शहरांपासून दूर, कोळशाच्या खाणींजवळ उभी राहिली. ट्रेंट नदीच्या खोऱ्यात तर ती इतकी झाली की त्या खोऱ्याला मेगावॉट व्हॅली म्हणू लागले. धुराडी उंचच उंच बांधली गेली. यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स केंद्राचं धुराडं २५९ मीटर उंच आहे.

उंच धुराड्यामागचा हिशेब सरळ होता. धूर वर सोडला की वाऱ्याने पांगतो आणि खालच्या गावातल्या हवेत गंधकाचं प्रमाण कमी राहतं. हे खरं ठरलं. ब्रिटनच्या शहरांतली हवा सुधारली, माणसांचे जीव वाचले, आणि हे काम मोठं होतं हे मुलांना आवर्जून सांगितलं पाहिजे. पण धुराड्यातून निघणारं गंधक एका ग्रॅमनेही घटलं नव्हतं. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. खाली राहिला तर तो आसपासच जमिनीवर, भिंतींवर, फुप्फुसांत जातो. उंचावर सोडला तर त्याला हवेत दिवसच्या दिवस मिळतात. तेवढ्यात त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, ढगातल्या थेंबांत मिसळतं आणि शेकडो किलोमीटरवर पावसातून उतरतं. गाड्यांच्या आणि भट्ट्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड याच वाटेने नायट्रिक आम्ल होतात. ब्रिटन आणि युरोपच्या मुख्य भूमीवरून येणारे नैऋत्येचे आणि दक्षिणेचे ओले वारे दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांना धडकतात आणि तिथे रिते होतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे पावसाचं होतं तेच तिथे होतं, त्यामुळे आपल्या मुलांना हा भाग समजवावा लागत नाही.

लंडनकरांचा प्रश्न सुटला तो असा, आणि त्याचा काही भाग तोव्हदालला जाऊन पडला.

भांडण आणि तलावाचा गाळ

हे मान्य करायला ब्रिटनने बराच वेळ घेतला. गंधक समुद्र ओलांडून जातं हे १९७२ ते १९७७ या काळात अकरा देशांनी मिळून केलेल्या मोजमापांतून जवळजवळ सिद्ध झालं. १९७९ मध्ये जिनिव्हात दूरवर जाणाऱ्या वायुप्रदूषणाबाबतचा करार झाला. १९८५ मध्ये हेलसिंकीत एकवीस देशांनी १९८० च्या तुलनेत १९९३ पर्यंत गंधकाचं उत्सर्जन किमान ३० टक्क्यांनी घटवायचं कबूल केलं. ब्रिटनने सही केली नाही, अमेरिकेनेही नाही, पोलंडनेही नाही.

ब्रिटनच्या बाजूचं म्हणणं निव्वळ आडमुठेपणाचं नव्हतं. खुद्द नॉर्वेतले भूशास्त्राचे प्राध्यापक इव्हान रोझेनक्विस्ट म्हणत होते की जमिनीचा वापर बदललाय. डोंगरावरची गुरं कमी झाली, कुरणांच्या जागी झुडपं आणि जंगल आलं, आणि अशी जमीन स्वतःच आम्लधर्मी होते. मग दोष पावसाला का? प्रश्न रास्त होता. आवाज चढवून त्याचं उत्तर मिळणार नव्हतं.

ते मिळालं तलावांच्या तळाच्या गाळातून, आणि हा या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग. तलावात डायटम नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव असतात. त्यांची कवचं काचेसारख्या सिलिकाची, त्यामुळे ते मेले तरी कवचं गाळात टिकून राहतात. कोणत्या जातीला किती सामूचं पाणी मानवतं ते माहीत असतं. तळाशी नळी खुपसून गाळाचा दंड बाहेर काढायचा, थरांची वयं ठरवायची आणि प्रत्येक थरात कोणत्या जातीची किती कवचं आहेत ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. तलावाने आपला इतिहास असा थरांत जपलेला असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रिक बॅटर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या गॅलोवे भागातल्या राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तलावाचा गाळ असा वाचला. शेकडो वर्षं पाण्याचा सामू जवळजवळ स्थिर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, म्हणजे कोळशाच्या युगात, तो सुमारे एका अंकाने उतरला. वरच्या थरांत कोळसा आणि तेल जळून होणारे काजळीचे कणही सापडले. या तलावाभोवती उघडी मोकळी कुरणं होती, नवी झाडं लावलेली नव्हती, जमिनीचा वापर बदललेला नव्हता. रोझेनक्विस्ट यांचं स्पष्टीकरण इथे लागू पडत नव्हतं.

हा तलाव ब्रिटनचा होता हेही महत्त्वाचं ठरलं. परदेशातल्या माशांची गोष्ट आता घरच्या अंगणात आली होती. वीज महामंडळ आणि कोळसा महामंडळ यांच्याच पैशांतून ब्रिटन, नॉर्वे आणि स्वीडनच्या विज्ञान संस्थांनी मिळून आणखी अभ्यास केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचे निघाले. १९८६ मध्ये ब्रिटन सरकारने काही वीजकेंद्रांवर गंधक काढणारी यंत्रणा बसवायचं जाहीर केलं. १९८८ मध्ये युरोपीय समुदायाने मोठ्या भट्ट्यांसाठी बंधनकारक नियम आणले.

इलाज

यंत्रणेचं रसायनशास्त्र वर्गातल्या त्या ग्लासातलंच आहे. धुरावर चुनखडीच्या भुकटीचं पाणी फवारतात. सल्फर डायऑक्साइड आणि कॅल्शियम कार्बोनेट मिळून अखेर जिप्सम तयार होतं. ड्रॅक्समधलं जिप्सम घरांच्या आतल्या भिंतींसाठी लागणारे तक्ते करायला गेलं. नॉर्वेच्या नदीत जाणारं गंधक ब्रिटिश घरांच्या भिंतीत बसलं.

तलावांवरही चुनखडीच टाकली गेली. स्वीडनने १९७० च्या दशकात प्रयोग सुरू केले, पुढे हजारो तलावांत आणि ओढ्यांत चुनखडीची भुकटी पडू लागली, दुर्गम ठिकाणी हेलिकॉप्टरने. नॉर्वेत नदीकाठी चुनखडी सोडणारी यंत्रं बसली. १९९० च्या दशकात तोव्हदाल आणि त्याच भागातल्या मांदाल या नद्यांवर हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं आणि सॅल्मन परतला. पण चुना टाकणं हा उपचार आहे. थांबवला की सामू पुन्हा उतरतो, कारण जमिनीतून दशकानुदशकं धुपून गेलेलं कॅल्शियम खडक झिजूनच परत येणार, आणि ग्रॅनाइट फार सावकाश झिजतो. युरोपचं गंधकाचं उत्सर्जन १९८० च्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटलं आहे, तरी कित्येक पाण्यांना अजून चुना लागतो. मूळ कारण थांबायला एक पिढी पुरली, जमीन सावरायला त्याहून जास्त काळ लागतो आहे.

मेगावॉट व्हॅलीतलं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं.

हवामानबदलाचा धागा

मुलं इथे हमखास विचारतात, की मग तो प्रश्न सुटला ना? गंधकाचा बराचसा सुटला. धुराड्यातून त्याच्यासोबत कार्बन डायऑक्साइडही निघत होता, आणि चुनखडीचा फवारा तो अडवत नाही, उलट त्या क्रियेत थोडा नवा सुटतो. दोन्ही वायू एकाच कोळशातून येतात आणि दोघांच्या वागण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. गंधक काही दिवसांत खाली येतं. म्हणून शेजारी देश एकत्र बसले, उत्सर्जन घटलं आणि काही वर्षांतच पाऊस सुधारलेला दिसला. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो आणि सगळ्या पृथ्वीभर मिसळतो. तो कोणी सोडला आणि कोणावर पडला असा नकाशा ओदेन यांच्यासारखा काढता येत नाही.

आणखी एक गुंता आहे, तो मोठ्या वर्गांतल्या मुलांपासून लपवू नये. हवेतले सल्फेटचे बारीक कण सूर्यप्रकाश परतवतात आणि पृथ्वीला थोडं थंड ठेवतात. हवा स्वच्छ झाली की ही सावली जाते आणि कार्बन डायऑक्साइडने आधीच केलेली तापमानवाढ उघडी पडते. म्हणून हवा गलिच्छ ठेवावी असं कोणी म्हणेल तर त्याला फुप्फुसं आणि तलाव दोन्ही दाखवावेत. पण परिणाम खरा आहे आणि शास्त्रज्ञ तो हिशेबात धरतात.

हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या कामात भेटतात. १९७२ चं स्वीडनचं प्रकरण लिहवून घेणारे बर्ट बोलिन १९८८ मध्ये हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचे, म्हणजे आयपीसीसीचे पहिले अध्यक्ष झाले. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र मोजायचं, एकत्र लिहायचं आणि मग सरकारांपुढे ठेवायचं, ही रीत आम्लवर्षेच्या लढाईत आधी तावूनसुलाखून निघाली होती.

आपल्याकडे

भारतातला कोळसा राखेने भरलेला असला तरी त्यात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. शिवाय आपल्या हवेत मातीची धूळ भरपूर आणि ती बहुतांशी अल्कधर्मी, त्यामुळे पावसातलं आम्ल बरंचसं हवेतच मरतं. दख्खनची काळी जमीनही अल्कलीकडे झुकणारी. कोकण-गोव्याची जांभ्याची जमीन मात्र मुळातच आम्लधर्मी आहे, म्हणजे तोव्हदालच्या भाषेत शिल्लक थोडी. या फरकावर मुलांना महाराष्ट्राचा नकाशा रंगवायला लावता येतो.

तरीही निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. भारतीय हवामान विभाग आणि पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था यांनी १९८७ ते २०२१ या काळातल्या दहा ठिकाणच्या पावसाच्या नोंदी तपासल्या, त्यांत पुणे आणि नागपूरही होतं. बहुतेक ठिकाणी सामू हळूहळू उतरतो आहे.

धुराड्यांचा प्रश्नही आपल्याकडे ताजा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित भागांपासून दूर असलेल्या, म्हणजे देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना या मर्यादेतून सूट दिली. अट आहे धुराड्याच्या उंचीची. सरकारचं म्हणणं असं की कोळशात गंधक कमी आहे, हवेतलं प्रमाण मर्यादेत आहे आणि यंत्रणा महाग, शिवाय ती चालवायला वीज लागते आणि कार्बन वाढतो. यातले मुद्दे खोटे नाहीत. पण सल्फर डायऑक्साइड हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण होऊन दूर जातो आणि ते कण श्वासातून आत जातात, हे केंद्राजवळच्या वायूच्या मोजणीत दिसत नाही. उंच धुराड्यावर भिस्त ठेवण्याचा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि तो का वाटतो हे सांगायला मला तोव्हदालच पुरेसं आहे. वर्गात मात्र दोन्ही बाजू मांडून मुलांनाच वाद घालू द्यावा. नागपूर-चंद्रपूरकडच्या शाळांत तर हा वाद फार जोरात होतो, कारण तिथे धुराडं खिडकीतून दिसतं.

वर्गात पुढचं काम मोजण्याचं. रुंद तोंडाचं काचेचं भांडं मोकळ्या जागी, झाडाच्या आणि छपराच्या पागोळीच्या बाहेर ठेवावं. जास्वंदीचा रस इतका हलका फरक दाखवत नाही, त्यासाठी छोट्या टप्प्यांची सामूपट्टी घ्यावी. जूनच्या पहिल्या सरीचं पाणी आणि चार दिवसांच्या झडीनंतरचं पाणी वेगवेगळं मोजावं. पहिल्या सरीत धूळ विरघळलेली असते, झडीत ती धुऊन गेलेली असते, त्यामुळे आकडे सहसा सारखे येत नाहीत आणि का येत नाहीत यावरच एक तास छान जातो. भांडं दर वेळी साबणाशिवाय, साध्या शुद्ध पाण्याने विसळावं, साबण अल्कली असतो. आणि सामूच्या रकान्याशेजारी त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा लिहायचा एक रकाना पहिल्याच दिवसापासून आखून ठेवावा.